पाच मिनिटांत उभी, पण काठाचं काय?

घडीच्या कयाकची कुठलीही जाहिरात उघडा. एक जण पाठीवरची पिशवी खाली ठेवतो, खटाखट सांगाडा जोडतो, त्यावर कापडाचं आवरण ताणतो आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ थांबतं. पाच मिनिटं! नाहीतर दहा. मग ड्रोन वर जातो, खाली निळंशार पाणी. या व्हिडिओत एक गोष्ट कॅमेरा कधी जवळून दाखवत नाही. कॉकपिटचा काठ. माणूस ज्या भोकात बसतो, त्या भोकाभोवतीची उभी कड आणि तिला जागेवर धरून ठेवणारे स्क्रू, क्लिपा, खिट्ट्या. अनेक होड्यांवर हाच भाग सगळ्यात फडतूस असतो, मग दाखवणार कसा?

म्हणाल, एवढ्याशा काठाचं काय घेऊन बसलात? पण लाट डेकवरून येते तेव्हा ती तुमच्या मांडीवर येणार की बाजूला जाणार, हे काठ ठरवतो. तुम्ही कमरेला जो स्प्रे-स्कर्ट घालता, त्याचं इलॅस्टिक या काठाच्या ओठाखाली अडकलेलं असतं. आवरणाचा सगळा ताण या भोकाच्या कडेशी गोळा होतो. आणि आत बसताना-उठताना तुम्ही अख्खं वजन मागच्या कडेवर टाकता, दर वेळी. फायबरच्या कडक कयाकमध्ये डेक आणि काठ कायमचे एकजीव केलेले असतात, त्यामुळे प्रश्नच येत नाही. घडीच्या कयाकमध्ये मात्र काठ पिशवीत मावायला हवा. म्हणून त्याचे तुकडे. तुकडे आले की सांधे, आणि सांधे आले की ते जोडणारं सामान. सगळी रड तिथे आहे.

ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. त्यांच्या कयाकचा काठ म्हणजे लाकूड वाकवून केलेलं एक अखंड कडं. होडीचं कातडं त्या कड्याला बांधलेलं, आणि शिकाऱ्याच्या कातडी अंगरख्याची खालची कड त्याच कड्यावर आवळलेली. माणूस आणि होडी जोडायची जागा ती हीच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपण पिशवीच्या सोयीसाठी त्या कड्याचे तुकडे केले. ते ठीकच, सोय मलाही हवी आहे. पण मग निदान सांध्यावर तरी डोकं चालवाल की नाही?

सांधा वाईट असला की काय होतं ते सांगतो. दोन तुकडे जुळतात तिथे ओठात फट राहते. इलॅस्टिकला धरायला तेवढ्या जागी काहीच नाही, पहिल्या बऱ्या लाटेला स्कर्ट तिथूनच सुटतो. कॉकपिटात शंभर लिटर पाणी आलं म्हणजे शंभर किलो वजन आलं, तेही स्थिर नव्हे, इकडून तिकडे हिंदकळणारं. दुसरी तऱ्हा याच्या उलटी. विंग नटाचा कान वर आलेला असतो, त्यात स्कर्टची कड अडकते. होडी उलटली, तुम्ही पाण्याखाली डोकं खाली करून स्कर्ट ओढताय आणि तो सुटत नाही. पहिल्या तऱ्हेत भिजायला होतं, दुसरीत जीव जाऊ शकतो.

तक्रार केली की उत्तर ठरलेलं: होडीत फेरफार केलात तर वॉरंटी गेली, सुटा भाग आमच्याकडूनच घ्या. हे ऐकल्यासारखं वाटतंय ना? ज्या फोनवर तुम्ही हे वाचताय, त्याची बॅटरी गोंदाने चिकटवणाऱ्यांची भाषा हीच आहे. फरक इतकाच की फोन बंद पडला तर तुम्ही बुडत नाही. आणि ‘आमच्याकडूनच’ म्हणणारी कंपनी राहणार किती दिवस? अमेरिकेतली फोलबोट आणि व्हँकूव्हरची फेदरक्राफ्ट, घडीच्या कयाकमधली ही दोन नावाजलेली नावं गेल्या दशकात बंद झाली. त्यांच्या होड्या अजून पाण्यात आहेत. खास साच्यातली ती प्लॅस्टिकची क्लिप तुटली की मालकाने काय करायचं, देवाला नारळ वाहायचा?

दुसरे विरोधक जास्त गोड बोलतात. हे जुन्या लाकडी होड्यांचे भक्त. क्लेपरच्या काठाला नवं भोक पाडायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा येतो. ‘मूळ रूप’ बिघडेल म्हणे! त्यांना त्या होडीचा इतिहास आठवून द्यावासा वाटतो. 1905 मध्ये म्युनिकच्या आल्फ्रेड हॉयरिश या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने घडी होणारी कयाक स्वतःच्या हाताने बनवली. दोन वर्षांनी रोझेनहाइमच्या योहान क्लेपर नावाच्या शिंप्याने तिचे हक्क घेतले. एक विद्यार्थी आणि एक शिंपी! ‘मूळ रूप’ जपत बसले असते तर ही होडी झालीच नसती. हान्नेस लिंडेमान 1956 मध्ये क्लेपरच्या घडीच्या कयाकमधून 72 दिवसांत एकट्याने अटलांटिक पार करून गेला. त्यानेही होडी दुकानातून आणली तशी नेली नाही. मोटारीच्या चाकाच्या ट्यूबपासून केलेला तरंगता आधार त्याने बाजूला लावला होता.

आणि ओस्कर श्पेक. 1932 मध्ये जर्मनीतल्या उल्महून घडीच्या कयाकमध्ये बसून निघालेला हा बेकार तरुण सात वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. वाटेत कराचीपासून खाली आपल्या पश्चिम किनाऱ्यानेच गेला. त्याची होडी दोघांची होती, ती त्याने एकट्यासाठी वापरली. अरबी समुद्रात वॉरंटी कार्ड काय कामाचं?

सोव्हिएत काळात ‘ताइमेन’ नावाची अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची कयाक घरोघर होती. तिचे मालक ती आणल्यावर आधी हत्यारं काढायचे आणि पाण्याचं नंतर बघायचे. मला ही वृत्ती फार आवडते.

आता कुणी म्हणेल, म्हणजे ज्याने त्याने ड्रिल घेऊन सुटायचं का? नाही. वाईट सुधारणाही पुष्कळ पाहायला मिळतात. काठ कायमचा चिकटवून टाकणारे असतात, मग ती घडीची होडी राहते कशाला? नळीला बरोबर बाकावर भोक पाडणारे असतात, जिथे ती आधीच कमकुवत झालेली असते. ओठ इतका खोल आणि स्कर्ट इतका घट्ट करणारे तर सगळ्यात धोकादायक. पाणी येत नाही म्हणून खूश असतात, आणि बाहेर कसं येणार हा विचारच नसतो.

चांगली सुधारणा साधी असते आणि उलटी फिरवता येते. लाकडात थेट पिळलेला स्क्रू दर वेळी काढून-घालून आटे झिजवतो. त्या जागी पितळी आट्यांची बुशिंग बसवा किंवा आरपार बोल्ट घालून मागे रुंद वॉशर द्या. स्टेनलेसचा स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत तसाच ठेवलात तर खारं पाणी दोन धातूंमध्ये आपलं काम करतं आणि एक दिवस तो स्क्रू हलतच नाही. मध्ये नायलॉनचा वॉशर, आट्यांना ग्रीस, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं, एवढ्याने भागतं. वाळूत हरवणारा नट दोरीने काठालाच बांधून टाका. वर आलेला कान काढून गोल, गुळगुळीत डोक्याचा बोल्ट आतल्या बाजूने घाला. सांध्यावरची फट झाकायला रबरी नळी उभी चिरून ओठावर चढवली तरी पुरते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणार नाही असं यात काहीच नाही.

म्हणून कंपन्यांकडे मागणी साधी आहे. काठाला लागणारा प्रत्येक बोल्ट बाजारात मिळणाऱ्या मापाचा ठेवा. तो गारठलेल्या, ओल्या बोटांनी फिरवता येऊ दे. सांध्याचा नकाशा उघड करा, म्हणजे तुम्ही उद्या दुकान बंद केलंत तरी होडी चालेल. आणि जाहिरातीत ते घड्याळ दाखवायचंच असेल तर आणखी पाच सेकंद दाखवा: होडी उलटी, माणूस पाण्याखाली, एका हाताने स्कर्टचा फास ओढतो आणि बाहेर येतो.

हीच चाचणी तुम्हीही करा, कंबरभर पाण्यात, शेजारी मित्र उभा करून, प्रत्येक नव्या बोल्टनंतर. पहिल्या ओढीला स्कर्ट सुटला नाही तर त्या दिवशी खोल पाण्यात जायचं नाही. घरी या, पाना काढा.