विद्यार्थ्याच्या वर्षातील अधिक मास

नवे वर्ष लागले की विद्यार्थी कागद घेतो, रेघा ओढतो आणि पहाटे चारपासून रात्री दहापर्यंतचा प्रत्येक तास कोणत्या ना कोणत्या विषयाच्या नावे लिहून टाकतो. कागद भिंतीवर लागतो आणि पहिला पंधरवडा त्याबरहुकूम जातोही. पुढे घरात कोणी आजारी पडते, एखादे लग्न निघते, बीजगणिताचा एक भाग अपेक्षेहून अधिक दिवस घेतो, आणि महिना-दीड महिन्यात कागद व वास्तव यांची फारकत होते. कागद वाया गेला याचे दुःख नाही. विद्यार्थी त्यावरून स्वतःविषयी निष्कर्ष काढतो की, ‘हे आपल्याच्याने होणे नाही’. दुःख त्याचे आहे. माझ्या मते दोष बहुधा मुलाचा नसून आराखड्याचा असतो, आणि तो कसा दूर करावा हे आपल्या पंचांगकर्त्यांनी फार पूर्वीच दाखवून ठेवले आहे.

झाशीतील मराठी घरांत वाढणाऱ्या मुलाला ही गोष्ट सहज उमगावी. घरात गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला येते. शेजारच्या हिंदी भाषक घरी तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी असते. दिवस एकच, चंद्रही एकच. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, एवढाच भेद. शिवाय शाळेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, ते निराळेच. म्हणजे कालगणना ही माणसाने आपल्या सोयीसाठी केलेली मांडणी आहे, हे या मुलाला पुस्तक न उघडताच कळलेले असते. मांडणी माणसाची असेल, तर ती दुरुस्त करण्याचा अधिकारही माणसाचाच.

पंचांगातील दुरुस्ती मोठी बोधप्रद आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, तर सौरवर्ष ३६५ दिवसांहून किंचित मोठे. दरसाल जवळजवळ ११ दिवसांची तूट पडते. ती तशीच साचू दिली, तर सोळा-सतरा वर्षांत दिवाळी ऐन उन्हाळ्यात येईल. म्हणून सरासरीने ३२ ते ३३ महिन्यांनी एक अधिक मास धरतात. २०२३ साली अधिक श्रावण आला, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. तूट पडणार हे ज्योतिर्विदांनी आधीच मान्य केले, तिचे माप घेतले आणि ती भरून काढण्याची जागा पंचांगातच राखून ठेवली. तूट पडली म्हणून कोणी चंद्राला दूषण दिले नाही.

आधुनिक शास्त्रज्ञांचा अनुभवही हाच आहे. १९५२ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. समितीचा अहवाल १९५५ साली आला आणि २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तिच्यात वैशाखापासून भाद्रपदापर्यंतचे पाच महिने ३१ दिवसांचे आहेत आणि बाकीचे ३० दिवसांचे. प्लुत वर्षी चैत्रालाही एक दिवस अधिक मिळतो. वर्षाच्या त्या भागात पृथ्वी सूर्यापासून काहीशी दूर असते व तिची गती किंचित मंदावते, हे त्याचे कारण. जेथे पृथ्वीसुद्धा बाराही महिने सारख्या वेगाने चालत नाही, तेथे विद्यार्थ्याने बाराही महिने सारखाच अभ्यास नेमून घ्यावा, हा हट्ट कशासाठी?

माणसाचा अंदाज चुकतो तोही ठरावीक दिशेनेच. डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वेर्स्की यांनी १९७९ साली या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. पुढे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासात, पदवीचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असे विद्यार्थ्यांना विचारण्यात आले. त्यांचा अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात ५५ दिवस लागले. ‘सर्व काही बिघडले तर?’ असे विचारल्यावरही त्यांनी ४९ दिवसांच्या आतलेच उत्तर दिले होते. तेव्हा हा दोष एकट्या आळशी मुलाचा नाही. तो मनुष्यस्वभावात आहे, आणि म्हणूनच त्याची तरतूद आगाऊ करता येते.

ही तरतूद झाशीच्या वर्षात कशी बसेल ते पाहू. उत्तर प्रदेश मंडळाची परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होते. १ एप्रिलपासून तेथपर्यंत सुमारे ४६ आठवडे मिळतात. मेच्या उत्तरार्धापासून जूनअखेरपर्यंतचे सहा आठवडे सुट्टीचे. त्या दिवसांत पारा कधी कधी ४५ अंशांपलीकडे जातो, आणि तेव्हा दुपारी अभ्यास नेमणे म्हणजे स्वतःला फसवणे होय. डिसेंबरात दिवस जूनपेक्षा तीन तासांहून अधिक लहान असतो, त्यात धुके आणि कडाका. राहिलेल्या ४० आठवड्यांपैकी चार आठवडे नवा अभ्यास करावा आणि पाचवा आठवडा अधिक मानावा. असे आठ अधिक आठवडे मिळतील.

यावर कोणी म्हणेल की, मोकळा आठवडा दिला तर मुले तो झोपून घालवतील. आक्षेप रास्त आहे; परंतु अधिक मास म्हणजे मोकळा मास नव्हे. तो कोणाच्या लहरीने येत नाही. ज्या चांद्रमासात सूर्याचे संक्रमण होत नाही तो अधिक, असा त्याचा नियम आहे. आणि त्या महिन्यात नव्या मंगलकार्याचा आरंभ करीत नाहीत, अशी रूढी आहे. विद्यार्थ्यानेही हेच दोन नियम पाळावेत. पाचवा आठवडा आधीच ठरलेला असावा, आणि त्यात नवा धडा उघडू नये. राहिलेले पुरे करावे; काही राहिले नसेल तर झालेले पुन्हा वाचावे. हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखविले की, पाठ केलेले विसरण्याचा वेग आरंभीच सर्वाधिक असतो. म्हणून उजळणी परीक्षेच्या तोंडावर ढकलण्यापेक्षा मध्ये मध्ये करणेच हिताचे.

या तरतुदीची गरज सर्वांत अधिक कोणाला आहे? ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे आणि शिकवणीला पैसा आहे, त्याचा आराखडा मोडला तरी तो सावरतो. परंतु जिला धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते, किंवा ज्याला कापणीच्या दिवसांत शेतावर जावे लागते, त्यांचे वर्ष हमखास तुटणार. तासन्‌तास भरलेला आराखडा अशा मुलांना प्रत्येक आठवड्यात नापास ठरवतो. परीक्षा व्हायच्या आधीच त्यांचा धीर खचतो, आणि खचलेला धीर शाळा सोडण्याच्या वाटेवर नेतो.

म्हणून शिक्षकांना व ग्रंथपालांना माझी विनंती आहे. आदर्श वेळापत्रकाच्या छापील प्रती मुलांना वाटू नका. वर्षारंभी एक मोठी दिनदर्शिका भिंतीवर लावा, मुलांना आपापले अधिक आठवडे तीवर स्वतः नोंदवू द्या, आणि पाचव्या आठवड्याला कोणी किती पाळले हे न विचारता, कोणी काय बदलले आणि का, एवढेच विचारा. आराखडा हे व्रत नव्हे, तो एक प्रयोग आहे. आणि प्रयोगाची वही खोडाखोड न करता कोरी राखणारा विद्यार्थी अद्याप प्रयोग करू लागलेला नसतो.