उमेदवाराला आधी विहारात बसवू



निवडणूक लागली की आपल्या वस्तीत पांढरे सदरे वाढतात. पुतळ्याला हार पडतो आणि हात जोडलेला फोटो तासाभरात सगळ्यांच्या मोबाईलवर येतो. हाराला कुणाची ना नाही. पण हार घालणारा निवडून आल्यावर वागणार कसा, हे विचारायचं राहून जातं.

बौद्ध परंपरेनं राज्यकर्त्याचे दहा गुण सांगितले आहेत, दस राजधम्म. दान, शील, त्याग, सरळपणा, मृदुता, तप, अक्रोध, अविहिंसा, क्षमाशीलता आणि अविरोध, म्हणजे लोकांच्या इच्छेआड न येणं. पाण्याचा टँकर मागायला गेलेल्या बायकांवर जो खेकसतो, त्याच्यात यातलं काय उरलं, हे सांगायला भन्तेजी कशाला हवेत?

सम्राट अशोकानं सहाव्या शिलालेखात कोरून ठेवलंय की, मी जेवत असो, अंतःपुरात असो की बागेत, लोकांचं काम माझ्यापर्यंत कुठेही आणा. आपल्याकडे ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. कूटदन्त सुत्तातला पुरोहित तर राजाला बजावतो की, लूटमार नुसत्या शिक्षेनं थांबत नाही; शेतकऱ्याला बियाणं, व्यापाऱ्याला भांडवल आणि चाकराला वेतन दे.

‘आपलाच माणूस आहे’ एवढ्यावरही मत देऊ नका. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. हिंदू कोड बिल रखडलं तेव्हा, १९५१ मध्ये, त्यांनी मंत्रिपद सोडलं. आज खुर्चीसाठी पक्ष सोडतात.

आणि आपण? बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मतदानाच्या आदल्या रात्री गल्लीत बाटल्या आणि पाकिटं येतात, ती कुणीतरी घेतं म्हणूनच येतात. यंदा ती दारातून परत पाठवा.

येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर सर्व उमेदवारांना विहारात बोलावलं आहे. पक्ष, जात, धर्म कुठलाही असो. स्टेज नाही, सत्कार नाही, सगळे सतरंजीवर बसतील. प्रत्येकाला दहा मिनिटं, मग प्रश्न. पहिले प्रश्न महिलांचे. मागच्या नगरसेवकांनी प्रभागाच्या निधीचा हिशेब कागदावर आणावा. जे येणार नाहीत, त्यांची नावं बाहेरच्या फळ्यावर लिहिली जातील.

ज्यांना उभं राहून बोलायला संकोच वाटतो, त्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत आपला प्रश्न चिठ्ठीवर लिहून वाचनालयाच्या पेटीत टाकावा. नाव लिहिलं नाही तरी चालेल.

आपले,
विहारातील उपासक-उपासिका