परत बोलाविलेली गाडी

गेल्या महिन्यांत आमच्या जांवईबापूंच्या घरीं एक पत्र आलें. वास्तविक तें त्यांस लिहिलेलें नव्हतें. ज्या सद्गृहस्थांकडून त्यांनीं दोन वर्षांपूर्वीं जुनी मोटार विकत घेतली, त्यांच्या पत्त्यावर कंपनीनें तें धाडिलें होतें. त्या गृहस्थांनीं जाहिरात समजून चार महिने तें टेबलाच्या खणांत ठेविलें, व मग आठवण होऊन पुढें पाठविलें. मजकूर एवढाच कीं, या गाड्यांतील विजेच्या तारांची जुडी पत्र्याच्या कडेस घासण्याचा संभव आहे. गाडी दुरुस्तीस आणावी, खर्च पडणार नाहीं. ज्या आसनाखालून त्या तारा जातात, त्यावर आमची नात बसते.

यास 'रिकॉल' म्हणतात. आम्हां संस्कृतच्या मास्तरांस 'प्रत्याह्वान' हा शब्द सुचला होता. पण सगळे हंसले, तेव्हां रिकॉलच म्हणूं.

"गाडी तर उत्तम चालते आहे," असें जांवईबापूंचें म्हणणें पडलें. तेव्हां आम्हांस त्यांना अमेरिकेंतील जनरल मोटर्सची हकीकत सांगावी लागली. त्या कंपनीच्या शेव्हरोले कोबाल्ट वगैरे गाड्यांत, किल्ली ज्यांत फिरते त्या इग्निशन स्विचची स्प्रिंग दुर्बळ होती. जुडग्याचें ओझें पडलें किंवा गुडघा लागला कीं किल्ली आपोआप मागें सरे. भर वेगांत इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई. आणि सर्वांत क्रूर गोष्ट ही कीं, आदळल्यावर फुगून जीव राखणारी एअरबॅगहि वीज तुटल्यामुळें निश्चेष्ट राही. या दोषाचा पहिला सुगावा अभियंत्यांस २००१ सालींच लागला होता. २००६ मध्यें सुधारलेल्या स्विचला मंजुरी मिळाली, पण त्याचा क्रमांक जुनाच ठेवण्यांत आला! विद्यार्थ्यानें चुकलेलें पान फाडून नवें चिकटवावें व पृष्ठांक तोच लिहावा, तसा हा प्रकार. मागाहून शोध घेणाऱ्यास जुना कोणता नि नवा कोणता हें उमगेना. गाड्या परत बोलावण्यास फेब्रुवारी २०१४ उजाडला. अशा गाड्या सुमारें २६ लक्ष भरल्या, आणि कंपनीनेंच स्थापिलेल्या भरपाई-निधीनें १२४ मृत्यु मान्य केले. दुरुस्तीस लागणाऱ्या भागाची किंमत अमेरिकन काँग्रेसपुढील चौकशींत ५७ सेंट सांगण्यांत आली.

त्या गाड्याहि 'उत्तम'च चालत होत्या.

आपल्याकडे २०१९ सालच्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत ११०-अ हें कलम आलें, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याखालील नियम लागू झाले. सदोष वाहनें परत बोलावण्यास सरकार आतां कंपनीस भाग पाडूं शकतें. मार्च २०२२ मध्यें पुण्यांत ओला कंपनीची एक विजेची स्कूटर पेटली, आणि पुढच्याच महिन्यांत त्या कंपनीनें १,४४१ स्कूटरी तपासणीकरितां स्वतःहून परत बोलाविल्या. परंतु गाडी हातोहात विकली जाते, घर बदलतें, आणि पत्र जुन्या दारींच पडतें. यास्तव ज्यांनीं जुनी गाडी घेतली असेल त्यांनीं पत्राची वाट पाहूं नये. आर. सी. वर सतरा अक्षर-अंकांचा चॅसिस नंबर असतो. तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरास कळवून आपल्या गाडीचें कांहीं काम शिल्लक आहे काय, तें विचारावें. लागणारा भाग आलेला नसेल, तर तोंपर्यंत गाडी चालवावी कीं नाहीं हेंहि विचारून घ्यावें, आणि काम झाल्यावर तसा लेखी दाखला मागावा.

आम्हीं स्वतः बरोबर गेलों. मिस्त्रीनें आसन उचलून दाखविलें: एके जागीं तारेवरचें वेष्टन झिजून आंतलें तांबें लकाकत होतें. जांवईबापू कांहीं बोलले नाहींत. तासाभरांत काम उरकलें. बिल शून्याचें, गाडीस पॉलिश करून घेण्याचा आग्रह मात्र बराच झाला, तो आम्हीं मोडून काढला.

त्या सद्गृहस्थांस आभाराचें पत्र घातलें. त्यांचें उत्तर आलें आहे. त्यांच्या सध्यांच्या गाडीचा चॅसिस नंबर कोठें पाहावा, असें ते विचारतात. तीहि जुनीच घेतलेली आहे.