वीज कंपनी सरकारी झाली, पण गायरान कोणाचे?



सौर ऊर्जेच्या सरकारी कंपनीचा विषय निघाला की तीन प्रकारच्या प्रतिक्रिया ऐकू येतात. बागायतदार म्हणतो, दिवसा वीज मिळणार, रात्री-अपरात्री बिबट्याच्या भीतीत पाणी द्यायला जावे लागणार नाही, छान झाले. वीज कर्मचारी म्हणतो, नाव सरकारचे आणि प्रकल्प खासगी ठेकेदाराचे, हे मागच्या दाराने खासगीकरण आहे. आणि आपला शिकलेला तरुण म्हणतो, अदानीपेक्षा सरकार बरे, सरकारी कंपनी म्हणजे आरक्षण, आपण पाठिंबा दिला पाहिजे.

या तिन्ही बोलण्यांत तथ्य आहे. पण ज्याच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही, जो तीस-चाळीस वर्षे गायरानाचा तुकडा कसून पोट भरतो, तो या तिघांच्याही बोलण्यात कुठे नाही. म्हणून हा लेख.

आधी वस्तुस्थिती पाहू. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे ६ जून २००५ रोजी तुकडे झाले आणि महानिर्मिती, महापारेषण, महावितरण व त्यांच्यावरची सूत्रधारी कंपनी अशी रचना आली. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक आपल्याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला झाला. तो २ मेगावॅटचा होता. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला आणि तो राबवण्यासाठी एमएसईबी सोलर ॲग्रो पॉवर लिमिटेड ही सरकारी मालकीची कंपनी उभी राहिली. उद्दिष्ट वाढत वाढत १६,००० मेगावॅटवर गेले. एका मेगावॅटला साधारण ४ ते ५ एकर जागा लागते. म्हणजे राज्यभरात ६४ ते ८० हजार एकर जमीन.

एवढी जमीन आणायची कुठून? सरकारने दोन वाटा काढल्या. खासगी जमीन द्यायची तयारी असेल तर शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि दरवर्षी त्यात ३ टक्के वाढ. एकरी साधारण ५० हजार. सरकारी जमीन असेल, म्हणजे गायरान, पड, गावठाणालगतची जागा, तर ती नाममात्र १ रुपया वार्षिक भाड्याने. प्रकल्प उभारणार निविदा जिंकलेली खासगी कंपनी, आणि वीज २५ वर्षे विकत घेणार महावितरण.

आता एकाच गावातली दोन माणसे डोळ्यांसमोर आणा. एकाच्या सातबाऱ्यावर दहा एकर मुरमाड जमीन आहे. ती त्याने प्रकल्पाला दिली, तर घरबसल्या वर्षाला पाच लाख रुपये. दुसऱ्याच्या बापाने गायरानातले दगड वेचून दोन एकर वहितीखाली आणले. तेच गायरान प्रकल्पाला गेले तर त्याला काय? भाडे नाही, नुकसानभरपाई नाही. कारण कागदावर तो 'अतिक्रमणधारक' आहे. त्याच्या हातात फक्त नोटीस. जमिनीचा कस तोच, ऊन तेच. फरक आहे तो सातबाऱ्यावरच्या नावाचा. आणि हे नाव तिथे का नाही, याचे उत्तर जातीच्या इतिहासात आहे.

काही मित्र म्हणतील, अतिक्रमण ते अतिक्रमण, कायदा सर्वांना सारखा. मग कायदाच वाचू. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने १९५९ ला आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह केला. देशभर लाखो माणसे तुरुंगात गेली. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली मुख्य मागणी. त्या रेट्याचा परिणाम म्हणून पुढे १९७८ चा शासन निर्णय आला आणि नंतर २८ नोव्हेंबर १९९१ चा. १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी केलेली भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद त्यात आहे. गावकीच्या जमिनींवरील अतिक्रमणे हटवा, असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल २८ जानेवारी २०११ चा. तो निकाल सगळे दाखवतात. पण शासन निर्णयानुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे, हे कोणी दाखवत नाही.

मग इतक्या वर्षांत ही प्रकरणे निकाली का निघाली नाहीत? कारण गाव नमुना १-ई मध्ये कोणाची नोंद करायची आणि कोणाची नाही, हे गावात ठरते. पंचनामा करायला कोणी येत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव मिळत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत काढण्याचा आदेश दिला, तेव्हा गावोगाव नोटिसा निघाल्या आणि लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. ज्यांचा हक्क शासनाने स्वतः मान्य केला, त्यांची फाईल तीस वर्षे हलली नाही. सौर प्रकल्पासाठी जमीन शोधायची म्हटल्यावर तीच महसूल यंत्रणा गट नंबरांच्या याद्या घेऊन धावू लागली.

आणखी एक तुलना करा. २००४ पासून राज्यात कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन देण्याची ही योजना. तिच्यासाठी समाज कल्याण कार्यालयात खेटे घालणाऱ्यांना ठरलेले उत्तर मिळते : जमीनच उपलब्ध नाही. दादासाहेबांच्या नावाच्या योजनेला जमीन नाही, आणि निविदा जिंकलेल्या कंपनीला १ रुपयात जमीन आहे! मग तुटवडा जमिनीचा आहे की इच्छेचा?

'पण कंपनी सरकारी आहे ना?' असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवावा. श्रीरामपूर तालुक्यातले हरेगाव. १६ डिसेंबर १९३९ रोजी बाबासाहेब याच गावी वतनदारांच्या परिषदेला आले होते. वतनी जमिनींवर सरकारने जुडी वाढवली, त्याविरुद्ध ती परिषद होती. म्हणजे जमीन आणि सरकार यांचा प्रश्न बाबासाहेबांनी इथे उभा केला, त्याला आठ दशके उलटून गेली. याच हरेगावात बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता आणि त्याची अफाट जमीन होती. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी कारखान्यांच्या अशा जमिनी सरकारकडे आल्या. त्या भूमिहीनांत वाटल्या का? नाही. तुकडे पडले तर उसाचे उत्पादन घटेल, या कारणाने त्या एकसंध ठेवल्या आणि त्यांच्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ ही संपूर्ण सरकारी मालकीची कंपनी काढली.

पुढे काय झाले ते श्रीरामपूर, राहाता, कोपरगावच्या माणसाला सांगायला नको. भूमिहीन दलित त्या मळ्यांवर राबला, महामंडळाच्या चाळीत राहिला, पण मजूर म्हणून. महामंडळ तोट्यात गेले. कामगार थकीत देण्यांसाठी झगडत राहिले. जमिनी निविदा काढून 'संयुक्त शेती'च्या नावाने पैसेवाल्यांना कसायला दिल्या. २०१२ पासून मूळ खंडकऱ्यांना जमिनी परत मिळू लागल्या. त्यांचा हक्क त्यांना मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण पिढ्यान् पिढ्या घाम गाळणाऱ्या मजुराच्या नावावर त्या जमिनीचा किती वाटा लागला?

सरकारी मालकीची कंपनी भूमिहीनाला काय देते, याचा हा नमुना आपल्या घरात आहे. उत्पादनाचे कारण पुढे करून तेव्हा जमीन वाटली नाही. आता हरित ऊर्जेचे कारण पुढे करून गायरान जाईल.

याचा अर्थ आपण सरकारी मालकीच्या विरोधात जायचे का? मुळीच नाही. तसे करणे म्हणजे बाबासाहेबांच्याच अर्थविचाराकडे पाठ फिरवणे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीच्या अध्यक्षपदावरून बोलताना विजेची मालकी खासगी असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनीच पुढे ठेवला. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण तिच्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबाची शेतीवरच्या लाचारीतून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ते आणखी पुढे गेले. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे त्यात आहे. पण त्याच कलमात शेतीही राज्याचा उद्योग असावा आणि जमीन जात न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन हे भेदच उरणार नाहीत, हेही आहे. आपले लोक पहिला भाग भाषणात सांगतात आणि दुसरा विसरतात. दुसऱ्या भागाशिवायचा पहिला भाग म्हणजे शेती महामंडळ!

वीज कर्मचाऱ्यांच्या लढ्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. ४ जानेवारी २०२३ रोजी अदानीच्या समांतर परवान्याविरोधात ते ७२ तासांच्या संपावर गेले आणि त्याच दिवशी सरकारला चर्चेला बसावे लागले. तो लढा योग्य होता आणि आपण त्यांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. संघटनांच्या पत्रकात दुसऱ्या शत्रूचे नाव असते, पहिल्याचे नसते. प्रकल्प खासगी कंपनीचा असेल, तर तिथल्या नोकरीत आरक्षण नाही. रोहित्रावर चढणाऱ्या कंत्राटी कामगारांत आपली पोरे किती आणि कायम पदांवर किती, हा प्रश्न संघटनांनीही विचारला पाहिजे.

काही जण म्हणतील, विकासाच्या कामात अटी घालत बसलो तर प्रकल्प रखडतील. ब्रिटनचे उदाहरण घ्या. तिथे मजूर पक्षाने २०२२ मध्ये सरकारी मालकीच्या हरित ऊर्जा कंपनीची घोषणा केली आणि २०२५ मध्ये 'ग्रेट ब्रिटिश एनर्जी'चा कायदा झाला. तो होत असताना प्रश्न उभा राहिला की सौर पॅनेल बनवताना कुठे वेठबिगारी होत असेल तर? सरकारने आधी टाळाटाळ केली. दबाव वाढला, तेव्हा पुरवठा साखळीत गुलामगिरीला थारा नको, अशी तरतूद कायद्यात घालावी लागली. सातासमुद्रापलीकडच्या वेठबिगाराची काळजी कायद्यात लिहिता येते. मग आपल्या गावच्या गायरानातल्या भूमिहीनाची का लिहिता येत नाही?

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत :

१) १९७८ आणि १९९१ च्या शासन निर्णयांखालची अतिक्रमणे नियमित करण्याची प्रकरणे निकाली निघेपर्यंत त्या गावातले कसते गायरान सौर प्रकल्पाला देऊ नये.

२) गायरान द्यायचेच असेल तर खासगी जमिनीइतकेच, हेक्टरी १ लाख २५ हजारांचे भाडे लावावे आणि ते त्या जमिनीवर कसणाऱ्या व गावातल्या भूमिहीन कुटुंबांना थेट मिळावे.

३) भूमिहीनांच्या सहकारी संस्थांना प्रकल्प उभारणीत राखीव वाटा आणि भांडवल मिळावे.

४) सरकारच्या जमिनीवर आणि महावितरणच्या वीजखरेदीवर चालणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात नोकरीचे आरक्षण लागू करावे.

५) प्रकल्पापोटी ग्रामपंचायतीला तीन वर्षांत १५ लाखांचे अनुदान आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करण्याचा जो नियम आहे, तो या रकमेलाही लावावा.

मागण्या कागदावर राहू नयेत, तर काम गावात सुरू करावे लागेल. आपल्या गावातले कोणते गट नंबर प्रकल्पासाठी सुचवले आहेत, याची यादी माहितीच्या अधिकारात मागा. गाव नमुना १-ई ची नक्कल काढा. जुन्या पावत्या, दंडाच्या नोंदी, पीकपाहणी, जे हाती लागेल ते प्रत्येक कुटुंबाकडून गोळा करा. आणि ग्रामसभेला एकट्या-दुकट्याने जाऊ नका. सोनई आणि खर्डा ज्या जिल्ह्यात घडले, तिथे गायरानाच्या ठरावाला विरोध म्हणून एकट्या माणसाने हात वर करणे किती अवघड असते, हे आपल्याला माहीत आहे. वस्तीच्या वस्तीने जा. बायांना पुढे बसवा, कारण त्या जमिनीवर सर्वांत जास्त त्याच राबल्या आहेत. विरोध नोंदवून घ्या आणि ठरावाची प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका.

सूर्य कोणाच्या बापाचा नाही, पण त्याची वीज करायला जमीन लागते आणि जमीन आजही जातीच्या हिशेबाने वाटलेली आहे. सरकारी कंपनीला आपला पाठिंबा आहे, पण तो बिनशर्त नाही. आपल्या अटी वर लिहिल्या आहेत. त्या घेऊन प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत उभे राहा.

जय भीम! जय संविधान!