पटकी गेली, तपासही थांबला

शिंदखेडा तालुक्यातले नरडाणा हे येण्याजाण्याचे गाव. एकीकडे सुरत-भुसावळ रेल्वे, दुसरीकडे मुंबई-आग्रा महामार्ग, शेजारी औद्योगिक वसाहत. ढाब्यांवर साऱ्या देशाचे ट्रकवाले जेवतात. अशा गावात जुलाब-उलट्यांनी गळालेला माणूस दवाखान्यात आणला की कागदावर ‘गॅस्ट्रो’ लिहिले जाते, सलाईन लागते आणि दोन-तीन दिवसांत तो घरी जातो. आजार नेमका कशाने झाला, हे कुणी विचारत नाही.

हा प्रश्न एके काळी सरकारलाही झोप लागू देत नव्हता. तापी खोऱ्यातली रेल्वे सुरू होत होती, त्याच १८९९-१९०० च्या सुमारास छप्पन्याचा दुष्काळ पडला आणि मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांवर जमलेल्या माणसांत पटकी शिरली. सकाळी खडी फोडणारा माणूस संध्याकाळी नसायचा. लोकांनी मरीमातेला साकडे घातले. तिच्या नावाने खानदेशात अजून बारागाड्या ओढतात. रॉबर्ट कॉख यांना पटकीचा जंतू १८८४ मध्ये कोलकात्यात सापडला होता, हाफकिन यांनी १८९३ पासून भारतात लस टोचायला सुरुवात केली होती. रोग पाण्यातून येतो हे पक्के झाले आणि आरोग्य खात्याची नजर विहिरीवर खिळली, ती आजतागायत. पावसाळ्याआधी पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर, पाण्यातला क्लोरीन तपासणारी जलसुरक्षकाची ओटी टेस्ट, ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड, ही सारी त्याच धड्याची पुढची पाने. त्या कामाने असंख्य जीव वाचले, हे विसरून चालणार नाही.

पुढे १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर रुग्ण जगवून दाखवले. या पाण्याची गंमत अशी, की ते जंतूची जात विचारत नाही. पटकी असो वा आणखी काही, शरीरातले पाणी भरून काढले की माणूस वाचतो. मरण कमी झाले आणि त्याबरोबर आपली चौकशीही आटली. हा आमचा तर्क आहे. पण दवाखान्यातली रजिस्टरे उघडून पाहावीत.

त्या आटलेल्या चौकशीचा फायदा नोरोव्हायरस या जुलाब-उलट्यांच्या विषाणूला मिळतो. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत पोरे आजारी पडली; त्या नमुन्यांतला विषाणू १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला पश्चिम भारतातल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या जुलाबाच्या मुलांतही तो आढळला आहे. रोटाव्हायरसची लस आता सरकारी लसीकरणात आली. ज्या देशांत त्या लसीने रोटा मागे हटला, तिथे मुलांच्या जुलाबांत नोरोव्हायरस पुढे आल्याचे दिसले. त्याच्यावर लस नाही.

हा विषाणू विहिरीची वाट पाहत बसत नाही. मोजके कण पोटात गेले तरी पुरे. वॉर्डात काय होते ते पाहा: रुग्णाला उलटी होते, सोबत बसलेली आई पदरानेच ती पुसते, हात नळाखाली नुसते ओले करते आणि त्याच हाताने शेजारच्या खाटेवरच्या पोराला बिस्कीट देते. मावशी फिनाईलचा फडका फिरवतात, वास येतो, सगळ्यांचे समाधान होते. फिनाईलवर इथे भरवसा ठेवता येत नाही. दारावर टांगलेले सॅनिटायझरही या विषाणूपुढे लंगडे पडते. लागतो साबण, वाहते पाणी आणि फरशीसाठी क्लोरीनचे दाट द्रावण. म्हणजे ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातली तीच टीसीएल पावडर! बरा झालेला माणूसही पुढे दोन आठवडे किंवा जास्त काळ विष्ठेतून विषाणू सोडत राहतो. तो ढाब्यावर पोळ्या लाटणारा असेल तर रोग महामार्गाने कुठवर जाईल, याचा हिशोब कोण ठेवणार?

तपासणी अवघड आहे, ही सबब आता चालणार नाही. विषाणू शोधायला आरटी-पीसीआर लागते, आणि करोनाच्या काळात, २०२० मध्ये, धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ती सोय झाली. नरडाण्याहून धुळे तासाभराच्या आत गाठता येते. कमी आहे ती नमुना पाठवण्याच्या सवयीची आणि नोरोव्हायरससाठी लागणाऱ्या किटच्या तरतुदीची. प्रत्येकाची तपासणी कुणी मागत नाही. जिल्ह्यात जुलाबाने दाखल होणाऱ्यांपैकी ठरावीक रुग्णांचे नमुने वर्षभर, हिवाळ्यातही, नियमाने धुळ्याला जावेत आणि निकाल पुन्हा त्याच दवाखान्याच्या डॉक्टरांच्या हाती पडावा. निकाल विषाणूचा आला तर ऊठसूट प्रतिजैविके देणेही थांबेल.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी येत्या आर्थिक वर्षाच्या आराखड्यात या किटसाठी एक ओळ घालावी. आणि वाचकहो, घरातले कुणी जुलाब-उलट्यांतून उठले असेल तर त्याला निदान दोन दिवस चुलीपाशी जाऊ देऊ नका.