टीव्हीखालच्या संगणकाची निवड

पेंटियम जी४५६० हा इंटेलचा २०१७ सालचा दोन कोरांचा स्वस्त प्रोसेसर. आय७-६७०० त्याच्याआधी दीडेक वर्ष बाजारात आला. चार कोरांचा आणि किमतीने कितीतरी पट महाग. हिशेब, चित्रसंपादन, खेळ, कशातही दुसरा पहिल्याच्या पुढे. पण एचईव्हीसी पद्धतीने आवळलेली १० बिटांची ४के फाइल लावली की चित्र उलटते. पेंटियममधली डीकोडिंगची खास मंडले ती सहज उलगडतात आणि कोर जवळजवळ रिकामे राहतात. आय७-६७०० मध्ये १० बिटांसाठी तशी पूर्ण सोय नाही. कामाचा मोठा भार कोरांवर येतो, प्रोसेसर तापतो आणि शांत प्रसंगात पंख्याचा आवाज खोलीभर ऐकू येतो. होम थिएटरसाठी कमी खर्चात संगणक जोडताना या एका गोष्टीचा विसर पडला, तर पुढची सगळी काटकसर फुकट जाते.

संगणक जोडणाऱ्याची सवय प्रोसेसरपासून सुरुवात करण्याची असते. इथे सुरुवात टीव्ही आणि फाइलींपासून करावी लागते. टीव्ही १०८०पी आहे की ४के, एचडीआर आहे का, आवाज टीव्हीतून येणार की रिसीव्हरमधून, आणि घरात पाहिले जाते ते नेमके काय, ही उत्तरे मिळेपर्यंत सुट्या भागांची यादी करण्यात अर्थ नाही. टीव्ही १०८०पी असेल आणि संग्रह डीव्हीडी व एच.२६४ फाइलींचा असेल, तर २०११ नंतरचा जवळपास कुठलाही इंटेल प्रोसेसर पुरतो. एच.२६४ हे २००३ सालचे तंत्र आहे आणि त्याचे हार्डवेअर डीकोडिंग आता सर्वत्र आहे. ४के टीव्ही आला की मात्र हिशेब बदलतो. एचईव्हीसी आणि व्हीपी९ ही दोन्ही २०१३ सालची, एव्ही१ हे २०१८चे. यूट्यूब एच.२६४ मध्ये १०८०पीच्या वर जात नाही. तिथले ४के व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्येच मिळते. त्यामुळे जुन्या यंत्रावर इंटरनेटचा वेग भरपूर असूनही यूट्यूब अडखळते आणि दोष बिचाऱ्या इंटरनेट कंपनीला दिला जातो.

इंटेलमध्ये १० बिटांचे एचईव्हीसी आणि व्हीपी९ पूर्णपणे हार्डवेअरवर आले ते सातव्या पिढीत. एव्ही१ अकराव्या पिढीत आले. एएमडीच्या बाजूला २०१८चा रायझेन ३ २२००जी पहिल्या दोन्हींना पुरेसा आहे. पण त्याच्या बऱ्याच नंतर आलेल्या ५६००जीमध्येही एव्ही१ नाही. ते डेस्कटॉपवर ७००० मालिकेपासून मिळते. नवा प्रोसेसर म्हणजे नवे डीकोडिंग असे गृहीत धरता येत नाही, ते यातूनच दिसते. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल तर अंगभूत ग्राफिक्सच नसते. असा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो म्हणून घेतला, तर वेगळे ग्राफिक्स कार्ड घेऊन वाचलेल्यापेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात.

कमी बजेटमध्ये खरी संधी रिफर्बिश्ड बाजारात आहे. कार्यालयांतून निघालेली डेलची ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोची थिंकसेंटर टायनी, एचपीची एलिटडेस्क मिनी ही यंत्रे पुस्तकाएवढ्या जागेत बसतात, कमी वीज खातात, आणि त्यांची बांधणी कोणत्याही स्वस्त नव्या कॅबिनेटपेक्षा सरस असते. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ती ‘आय५, ८ जीबी, एसएसडी’ एवढ्याच वर्णनावर विकली जातात आणि गफलत इथेच होते. ऑप्टिप्लेक्स ७०४० सहाव्या पिढीचे, ७०६० आठव्या पिढीचे. बाहेरून फरक फारसा नाही, किमतीतही कधी कधी थोडाच, पण टीव्हीखाली ठेवल्यावर एक निकामी आणि दुसरे उत्तम. मधले ७०५० तर सहाव्या पिढीचा प्रोसेसर घेऊनही आलेले असू शकते. लेनोवोत एम७००, एम९०० टाळावीत. एम७२०क्यू, एम९२०क्यू डोळे मिटून घ्यावीत. मॉडेलच्या नावावर न थांबता प्रोसेसरचा क्रमांक वाचावा: आय५-६५००टी नको, ७५००टी चालेल, ८५००टी हवा. अखेरचा ‘टी’ म्हणजे ३५ वॉटची आवृत्ती. ती टीव्हीखालच्या कोंदट जागेला मानवते.

आठव्या पिढीचा आग्रह धरण्याचे कारण डीकोडिंगपेक्षा वेगळे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीखाली अधिकृतपणे चालत नाही. सातव्या पिढीचे यंत्र फक्त घरच्या संग्रहासाठी असेल, तर त्यावर लिबरइलेक ही लिनक्सवरची प्रणाली आणि कोडी हा प्लेअर घालून ते अनेक वर्षे वापरता येते. पण नेटफ्लिक्सचे ४के लिनक्सवर मिळत नाही. त्याला विंडोज, एज ब्राउझर किंवा नेटफ्लिक्सचे अ‍ॅप, आणि टीव्हीपर्यंतच्या संपूर्ण जोडणीत एचडीसीपी २.२ ही नक्कल रोखणारी सोय लागते. ग्राहकाला मुख्यतः वर्गणीच्या सेवाच पाहायच्या असतील, तर त्याला संगणक विकू नये. स्मार्ट टीव्ही किंवा टीव्हीला लावायची छोटी स्टिक ते काम कमी पैशांत आणि अधिक चांगले करते. होम थिएटरच्या संगणकाचे सामर्थ्य स्वतःच्या संग्रहात आहे.

नवे यंत्र घ्यायचे तर इंटेलचा एन१०० हा आजचा सर्वांत समंजस पर्याय. २०२३ मध्ये आलेला, चार कोरांचा, ६ वॉटचा, बोर्डावरच सोल्डर केलेला, एव्ही१ सकट सगळे उलगडणारा. मेमरीचा एकच चॅनेल ही त्याची मर्यादा आहे, पण चित्रपट पाहताना ती आड येत नाही. रायझेन घेतला तर मात्र ८ जीबीच्या एका पट्टीऐवजी ४-४च्या दोन पट्ट्या घालाव्यात, कारण अंगभूत ग्राफिक्स याच मेमरीवर जगते.

पोर्टच्या बाबतीत फसगत सर्रास होते. एचडीएमआय १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच ताजे होते; ६०साठी एचडीएमआय २.० लागते. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधून थेट एचडीएमआय २.० निघतच नव्हते. बोर्ड बनवणाऱ्याने वेगळी चिप घातली असेल तरच ते मिळे आणि स्वस्त बोर्डांवर ती नसे. अशा वेळी डिस्प्लेपोर्टवर ॲक्टिव्ह प्रकारचा एचडीएमआय २.० अडॅप्टर लावावा. साधा पॅसिव्ह अडॅप्टर हे काम करत नाही, आणि ॲक्टिव्हमधूनही एचडीआर जाईलच याची खात्री नसते. म्हणून एचडीआर टीव्ही असलेल्या घरात एन१०० जुन्या यंत्राच्या पुढे जातो.

चित्र सुरळीत सरकते का, हे ताजेपणाच्या दरावरही ठरते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. ६० हर्ट्‌झवर एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते, त्यामुळे कॅमेरा संथ फिरताना चित्र गचके खाते. कोडीमध्ये चित्रफितीप्रमाणे दर बदलण्याची सोय आहे, पण ती आपोआप सुरू नसते. भारतात तिचे महत्त्व दुहेरी आहे. इथल्या घरांतल्या लग्नाच्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या, म्हणजे २५ चौकटींच्या, ७२० बाय ५७६ मापाच्या आणि बहुतेक इंटरलेस्ड असतात. टीव्ही ५० हर्ट्‌झवर नेऊन डीइंटरलेसिंग नीट लावले, की हलत्या कडांवरची कंगव्याच्या दातांसारखी रेघ नाहीशी होते आणि वीस वर्षांपूर्वीचा मांडव पुन्हा पाहण्यासारखा होतो. लिहिलेल्या डीव्हीडीतला रंगद्रव्याचा थर काळाबरोबर खराब होतो. तेव्हा यंत्र बसवायला गेलेल्याने यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह सोबत न्यावा आणि त्या तबकड्या उतरवून द्याव्यात. नाटकांच्या व्हीसीडी ३५२ बाय २८८ एवढ्याच असल्या, तरी त्यांतल्या काहींची दुसरी प्रत मिळणे कठीण आहे.

साठवणुकीवर फार खल करण्याची गरज नाही. यूएचडी ब्लू-रेचा कमाल वेग सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट. ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क त्याच्या कितीतरी पट देते. कार्यप्रणालीसाठी २५६ जीबीची एसएसडी आणि संग्रहासाठी कमी आवाजाची मोठी डिस्क पुरे. फाइली दुसऱ्या खोलीतून येणार असतील तर नेटवर्क गिगाबिटचे हवे, कारण १०० मेगाबिटची तार या वेगाला अपुरी पडते. टीव्हीचा रिमोट संगणकाला बहुधा चालत नाही, कारण रिमोटच्या आज्ञा तारेतून नेणारे सीईसी संगणकाच्या एचडीएमआय पोर्टला सहसा नसते. यूएसबी रिसीव्हर असलेला रिमोट किमतीत धरूनच ठेवावा.

आवाज ऑप्टिकल तारेने नेला तर डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस जातात; ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ त्यातून जात नाहीत. त्यांना एचडीएमआय हवे आणि टीव्हीमार्गे न्यायचे तर ईएआरसी. साउंडबारवाल्या घरात या फरकासाठी जादा पैसे घालू नयेत.

टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात पाठीमागे हवेला वाट नसेल, तर कुठलाही कूलर उपयोगी पडत नाही. खोली जितकी तापते तितकाच प्रोसेसरही वर सरकतो. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो; तिथे बिनपंख्याचे यंत्र देण्यापेक्षा सावकाश फिरणारा १२० मिलिमीटरचा पंखा द्यावा. ८० मिलिमीटरचा पंखा तेवढीच हवा ढकलायला जास्त वेगाने फिरतो आणि आवाज करतो.

कॅबिनेटसोबत फुकट येणारा ‘४५० वॉट’चा एसएमपीएस ही या जोडणीतली सर्वांत वाईट काटकसर. हे यंत्र चालू असताना साधारण ३० ते ४० वॉट घेते. ८० प्लस बेसिकची चाचणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते, आणि ४५० वॉटचे २० टक्के म्हणजे ९० वॉट. म्हणजे यंत्राचे सगळे आयुष्य चाचणीच्या कक्षेबाहेर जाते, जिथे कार्यक्षमता घसरलेली असते. रोज पाच तास २० वॉट वाया गेले, तरी वर्षाला ३६ युनिट होतात. बाहेरच्या अडॅप्टरवर चालणारा बोर्ड इथे वीजही वाचवतो आणि एक पंखाही.

अर्थिंगचा मुद्दा भागांच्या यादीत कधीच नसतो, पण एचडीएमआय पोर्ट जळण्यामागे अनेकदा तोच असतो. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटकडे दोन लहान कपॅसिटर जोडलेले असतात. सॉकेटला अर्थिंग नसेल तर २३० व्होल्ट या दोघांत विभागले जाऊन कॅबिनेटवर सुमारे ११५ व्होल्ट तरंगतात. हाताला मुंग्या येतात त्या याच. हा प्रवाह अगदी थोडा असतो, पण दुसरीकडे केबलच्या तारेतून जमिनीशी जोडलेल्या टीव्हीत चालू स्थितीत एचडीएमआय खुपसली, तर पोर्टची चिप जाण्यास तो पुरेसा ठरू शकतो. स्पीकरमधली घूंऽऽ अशी गुणगुणही बहुधा याच घोटाळ्यातून येते. ऑप्टिकल तारेतून वीज जात नसल्याने ती लावून गुणगुण थांबली, तर कारण नक्की होते. काही ठिकाणी सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल एकत्र बांधून ‘अर्थिंग करून’ दिले जाते. न्यूट्रल तुटला तर पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात. तशी जोडणी दिसताच काम थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. पेटी उघडण्याआधी मल्टिमीटर लावून फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट, एवढे पाहावे. आणि पहिली एचडीएमआय जोडताना टीव्ही व संगणक, दोघांचेही प्लग भिंतीतून काढलेले असावेत.