कागदावरचें संशोधन

गतवर्षीं पावसाळा सरतां सरतां आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. एम्. एस्‌सी. ची पदवी त्यानें चांगल्या रीतीनें संपादन केली असून पुढें डॉक्टरेटकरितां संशोधन करावें असा त्याचा मनोदय होता. विषय कोणता, असें विचारतां तो म्हणाला, "सैद्धांतिक प्रतिमानें." त्यानंतर आठ दिवसांच्या आंत त्याचे वडील आले. गासमध्यें त्यांची केळी-मोगऱ्याची वाडी आहे, माणूस मितभाषी. ओट्यावर बसल्यावर त्यांनीं सरळच विचारिलें, "मास्तर, पोरगा म्हणतो त्याला प्रयोगशाळा नको, यंत्र नको, कागद आणि संगणक बस्स. पांच वर्षें तो कागदावर करणार तरी काय?"

आम्हीं त्या वेळीं, "पुढें प्राध्यापक होईल, काळजी करूं नका," असें कांहींतरी सांगून त्यांची बोळवण केली. ते गेल्यावर आमचें आम्हांसच वाईट वाटलें. मुलगा काय करणार, हें त्यांनीं विचारिलें होतें. त्यास नोकरी कोणती लागेल, हें नव्हे. ती बोळवण आज मागें घ्यावी, आणि ज्या इतर पालकांच्या मनांत हाच प्रश्न घोळत असेल त्यांच्यापुढेंहि उत्तर ठेवावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

गोंधळाचें मूळ बहुधा आमच्याच शाळांत आहे. आमच्या मुलांस 'मॉडेल' म्हटलें कीं विज्ञान-प्रदर्शन आठवतें: थर्माकोलचा ज्वालामुखी, पुठ्ठ्याचें धरण, तारेवर मणी ओंवून केलेला अणु. त्या अणूची गोष्ट तर आम्हांस स्वतःस लाज आणणारी आहे. मध्यें केंद्र आणि भोंवतीं ठरलेल्या वाटांनीं फिरणारे कण, हें बोर यांचें १९१३ सालचें चित्र आम्ही कित्येक वर्षें फळ्यावर काढीत आलों, आणि "अणु असा असतो" असें सांगत आलों. वास्तविक, "अणु असा आहे असें मानिलें तर हायड्रोजनच्या प्रकाशांतील रंगरेषांचा हिशेब लागतो, पण त्याच्या शेजारच्या हेलियमचासुद्धां लागत नाहीं," असें सांगावयास हवें होतें. सैद्धांतिक प्रतिमान म्हणजे एवढेंच: अमुक असें मानूं, त्यावरून गणितानें काय निघतें तें पाहूं, आणि तें जगाशीं ताडून पाहूं. जें मानिलें तें पूर्ण खरें नसतें, हें करणारास पहिल्यापासून ठाऊक असतें.

आतां त्या गृहस्थांच्याच विहिरीकडे वळूं. पश्चिमेस समुद्र एवढा जवळ असतां आमच्या विहिरींचें पाणी गोडें कसें, हा प्रश्न आम्हीं लहानपणीं आमच्या आजोबांस विचारिला होता. त्यांनीं देवाची कृपा म्हणून सांगितलें. तें आम्हीं तेव्हां मानिलें व आजहि मानितों. परंतु ती कृपा कोणत्या रीतीनें चालते हें हॉलंडमधील बाडोन घायबेन यांनीं १८८९ च्या सुमारास, आणि त्यांची वार्ताहि नसतां जर्मनींतील हर्झबर्ग यांनीं १९०१ सालीं, कागदावर मांडून दाखविलें. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून सुमारें एक-चाळिसांशानें जड असतें. म्हणून समुद्रकांठच्या वाळवट जमिनींत पावसाचें मुरलेलें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. हिशेब असा निघतो कीं, समुद्राच्या पातळीहून गोडें पाणी एक फूट उंच असेल तर त्याच्या खालीं चाळीस फूट गोडें पाणी असावें. हेंच गणित उलट वाचलें म्हणजे मात्र पोटांत धस्स होतें. पंप लावून वरचें एक फूट पाणी कायमचें उपसलें, तर खालून खारें पाणी हळूहळू चाळीस फूट वर चढणार! एके काळीं टँकर भरभरून विहिरींचें पाणी नव्या वसाहतींकडे जाऊं लागलें तेव्हां आमच्या वडीलधाऱ्यांनीं जी काळजी केली ती कांहीं उगाच नव्हती.

येथवर प्रतिमान फार सुंदर आहे. पण त्यांत काय काय मानिलें आहे तें पाहा. वाळू सर्वत्र सारखी आहे; पाणी स्थिर आहे; गोड्या-खाऱ्याची सीमा सुरीनें कापल्यासारखी आहे. गासच्या कोणाहि शेतकऱ्यास विचारा, तो हंसेल. येथें मध्येंच चिकणमाती लागते, तेथें खडक लागतो. भरती-ओहोटीबरोबर पाणी हलतें. आणि आमचीं बावखलें त्या कागदावर मुळींच नाहींत. पावसाळ्याचें पाणी धरून जमिनींत मुरविणारीं हीं बावखलें एकामागून एक बुजविलीं जात आहेत; त्यांचा परिणाम किती, हें त्या दोघां युरोपियनांच्या सूत्रास कोठून ठाऊक असणार? तेव्हां आतां एखाद्यानें त्या सूत्रांत भरती घालावी, चिकणमाती घालावी, मग बावखलें घालावीं. प्रत्येक वेळीं गणित पुन्हां मांडावें. आणि मग उन्हांतून हिंडून पन्नास विहिरींतील पाण्याशीं तें ताडून पाहावें. जुळलें नाहीं तर पुन्हां पहिल्यापासून. पांच वर्षें कोठें जातात, या प्रश्नाचें आमच्यापुरतें उत्तर हेंच.

प्रतिमानांतून काय गळतें याचें दुसरें उदाहरण आमच्या मुंबईचेंच आहे. १८९६ सालीं मांडवी भागांत डॉ. व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्यांनीं प्लेग ओळखिला, आणि पुढें अनेक वर्षें त्या रोगानें शहरांत कहर केला. वांद्र्याच्या गल्लींतले प्लेगचे क्रूस आजहि त्याची साक्ष देतात. डिसेंबर १९०५ पासून जुलै १९०६ पर्यंत मुंबईंत दर आठवड्यास प्लेगनें किती माणसें दगावलीं, याचे आंकडे नोंदलेले होते. वीस वर्षांनंतर, १९२७ सालीं, एडिंबरोस बसून केर्मॅक व मॅकेंड्रिक या दोघांनीं त्याच आंकड्यांवर आपलें गणित पारखून पाहिलें. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानांत वैद्यकीय नोकरी करून परतलेले डॉक्टर. केर्मॅक रसायनशास्त्रज्ञ, आणि १९२४ सालीं प्रयोगशाळेंतील अपघातानें दोन्ही डोळे गेलेले. प्रयोगशाळेवांचून संशोधन कसें होईल, असें विचारणारांनीं या अंध गृहस्थांस क्षणभर डोळ्यांसमोर आणावें.

त्यांनीं माणसांचे तीन भाग केले: ज्यांस रोग होऊं शकेल ते, ज्यांस झाला आहे ते, आणि जे बरे होऊन वा मरून बाजूस झाले ते. एका भागांतून दुसऱ्यांत माणसें कोणत्या वेगानें जातात एवढेंच लिहिलें. त्यांतून निघालेली वक्ररेषा मुंबईच्या मृत्यूंच्या आंकड्यांवर इतकी नेमकी बसली कीं पाहणारानें थक्क व्हावें. आणि त्यांतून एक मोठी गोष्ट उघड झाली: सांथ थांबते ती माणसें संपलीं म्हणून नव्हे, तर रोगास पुरेशीं नवीं माणसें भेटेनाशीं होतात म्हणून. प्रत्येकास लस टोंचली गेली नाहीं तरी पुरेशा जणांस टोंचली असतां सांथ पसरत नाहीं, या आजच्या समजुतीचा पाया तोच.

परंतु त्या गणितांत उंदीर नव्हते! प्लेग उंदरांच्या पिसवांमुळें पसरतो, हें तोंपर्यंत सर्वश्रुत झालें होतें. लेखकद्वयांसहि तें माहीत होतें, आणि आपलें गणित ठोकळमानाचें आहे असें त्यांनीं प्रामाणिकपणें लिहून ठेविलें. तें वाचावयाचें मात्र पुष्कळ जण विसरले. पुढें २०१२ सालीं निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञांनीं दाखविलें कीं, मुंबईचा प्लेग दर वर्षीं ठराविक ऋतूंत चढे व उतरे; तो ऋतूच जुन्या गणितांत धरलेला नव्हता. म्हणजे रेषा बरोबर बसली, तरी बसण्याचें कारण दुसरेंच असूं शकतें. आमच्या मतें संशोधक विद्यार्थ्यानें पहिल्या वर्षींच शिकावयाचा धडा तो हा.

२०२० सालीं कोविडच्या सांथींत याच तीन भागांच्या गणिताचीं नवीं नवीं रूपें वर्तमानपत्रांत रोज झळकूं लागलीं. ऑक्टोबर २०२० मध्यें केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानें नेमिलेल्या समितीनें अशाच प्रतिमानावरून सांगितलें कीं, योग्य काळजी घेतल्यास फेब्रुवारी २०२१ पर्यंत सांथ ओसरेल. एप्रिलमध्यें दुसरी लाट आली. रोगाचा विषाणु रूप बदलील, ही गोष्ट त्या आंकडेमोडींत नव्हती. त्या महिन्यांत प्राणवायूच्या नळकांड्यांसाठीं झालेली धांवपळ या लेखाच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. त्या विद्वानांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु 'काय गळलें आहे' हें ठळक अक्षरांत सांगणें हा शिष्टाचार नसून तें कर्तव्य आहे, हें त्या एप्रिलनें शिकविलें.

एकाच प्रकारचें गणित एका शास्त्रांतून दुसऱ्यांत कसें जातें, याचें नवल आमच्या मुलांनीं दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या उदाहरणावरून पाहावें. गोमंतकांत १९०७ सालीं जन्मलेले हे गणिताचे अध्यापक. १९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत जाण्यापूर्वीं अनेक वर्षें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत शिकवीत. जनुकांमधील अंतर मोजण्याचें त्यांचें १९४४ सालचें सूत्र आजहि त्यांच्याच नांवानें पिकांचे जनुक-नकाशे करणारे वापरतात. आणि हेच गृहस्थ तराजू घेऊन प्राचीन नाणीं तोलीत बसत! हातोहात फिरतांना नाणें झिजतें. जितकें जुनें चलन तितकें सरासरी वजन कमी, आणि नाण्यानाण्यांतील वजनाचा फरक अधिक. ही झीज आपण मानिली तशीच होते कीं काय, हें पाहण्यासाठीं त्यांनीं बाजारांत चालणारीं साधीं नाणींहि तोलून पाहिलीं. येथून जवळच, सोपाऱ्यास, १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजी यांनीं स्तूप उकलला तेव्हां यज्ञश्री सातकर्णीचें एक चांदीचें नाणें निघालें होतें. तें तोलून कोसंबींच्या रीतीनें काळ ठरवूं म्हणाल तर जमणार नाहीं. त्या रीतीस नाण्यांचा सांठा लागतो. एकटें नाणें तिच्यापुढें मुकें.

चुकीचें ठरलेलें प्रतिमान म्हणजे वांया गेलेलें आयुष्य काय? पालकांच्या मनांत हीहि भीति असते. कोल्हापुरास जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला संशोधक विद्यार्थी असतांनाच, १९६१ सालीं, लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटींत आपले गुरु फ्रेड हॉइल यांच्या वतीनें स्थिर विश्वाच्या सिद्धांताची बाजू मांडावयास उभे राहिले. १९६५ मध्यें आकाशांतून सर्व दिशांनीं येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध प्रसिद्ध झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ दुसऱ्या पक्षास गेले. नारळीकर २०२५ मध्यें निवर्तले तोंपर्यंत प्रचलित मतास प्रश्न विचारीत राहिले. ते बरोबर होते, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु स्थिर विश्वाचें प्रतिमान 'विश्व सर्व काळीं सारखेंच दिसेल' असें इतक्या स्पष्टपणें सांगत होतें कीं तें खोडतां आलें. जें खोडतांच येत नाहीं असें गुळमुळीत प्रतिमान करणाऱ्याची आम्हांस अधिक कींव येते. आणि पुण्याची आयुका ही संस्था १९८८ सालीं त्याच नारळीकरांनीं उभारिली, हें विसरूं नये.

पैशाविषयीं दोन शब्द, कारण तो प्रश्न खोटा नाहीं. राष्ट्रीय पात्रता परीक्षेंतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ति मिळाली तर पोट भरतें. १ जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये ठरविण्यांत आली. ती कधीं कधीं उशिरां हातीं पडते, हेंहि सांगून ठेवितों. पुढील नोकरीची हमी कोणी देत नाहीं. ज्या मुलास पाठ केलेलें उत्तर लिहून गुण मिळविण्यांतच आनंद आहे त्यानें या वाटेस जाऊं नये. तो दुःखी होईल. मात्र जो वर्गांत "सर, पण असें कां मानावयाचें?" म्हणून आमचा तास मोडतो, त्यास घरीं कोणी अडवूं नये. मुलींस तर मुळींच अडवूं नये. प्रयोगशाळेंत रात्रीं उशीर होतो ही सबब येथें चालणार नाहीं.

तो माजी विद्यार्थी या जुलैंत पुण्यास रुजू झाला. आम्ही त्याच्या वडिलांकडे पुन्हां गेलों आणि वरील हकीकत, विशेषतः विहिरीची, सविस्तर सांगितली. त्यांनीं ऐकून घेतलें; पटलें असें म्हणाले नाहींत. पण परवां वाडींत गेलों तेव्हां विहिरीच्या कठड्याशीं खुणा केलेली बांबूची काठी बांधलेली दिसली. दर रविवारीं पाण्याची पातळी वाचून ते मुलास फोनवर कळवितात, असें कळलें.

शाळेपुरतें एक आम्हीं ठरविलें आहे. यंदाच्या प्रदर्शनांत प्रत्येक प्रतिकृतीखालीं 'यांत काय नाहीं' अशी चिठ्ठी लाविल्याशिवाय ती मांडूं दिली जाणार नाहीं. पहिली चिठ्ठी नववींतील एका मुलीनें आणून दिली. तिच्या सूर्यमालेंत पृथ्वी म्हणजे एक सेंटिमीटरचा मणी आहे. तिनें लिहिलें आहे: "यांत अंतरें खोटीं आहेत. खरीं दाखवावयाचीं तर सूर्य वर्गांत ठेवून नेपच्यून साडेतीन किलोमीटरांवर, नालासोपाऱ्याच्या बाजूस कोठेंतरी ठेवावा लागेल. शिवाय या मापानें सूर्य वर्गाच्या दारांतून आंत येणार नाहीं." शेवटचें वाक्य आम्हीं पट्टी घेऊन तपासलें. सूर्याचा व्यास एक मीटर नऊ सेंटिमीटर भरतो, आणि आमच्या वर्गाचें दार त्याहून आठ सेंटिमीटर अरुंद आहे.